गुलमर्गसाठी एकच रुंद स्की घ्यायची तर कोणती? १०० ते १०६ मिलिमीटरमधल्या पाच जोड्यांचं परीक्षण

रात्रभर बर्फ पडून सकाळी गोंडोलाचा, म्हणजे केबल कारचा, दुसरा टप्पा उघडला की गुलमर्गच्या माथ्यावरच्या अफरवाट डोंगरावर पहिले दोन-तीन तास कुठलीही रुंद स्की उत्तम वाटते. ९८ मिलिमीटरची असो की ११५ ची, न तुडवलेल्या भुसभुशीत बर्फात सगळ्याच तरंगतात, सगळ्याच वळतात. व्हिडिओत आणि कॅटलॉगमध्ये आपल्याला दिसतात तेही हेच तास. दुपारपर्यंत त्याच उतारावर खुणांची जाळी झालेली असते. मऊ पट्ट्यांमध्ये घट्ट ढेकळं येतात, माथ्याजवळ वाऱ्याने कडक पापुद्रा धरलेला असतो. तिथून खाली कोंगडोरीला, गोंडोलाच्या मधल्या स्थानकाला, आलात की पुढे गुलमर्गपर्यंत मशीनने दाबलेला उतार, तोही संध्याकाळी गोठून कडक झालेला. हे सगळं एकाच जोडीवर करायचं असेल तर निवड ताज्या पावडरवरून, म्हणजे भुसभुशीत बर्फावरून, करू नये. तुडवलेल्या बर्फात स्की कशी वागते ते पाहून करावी. खालच्या पाचही स्की याच कसोटीवर तोलल्या आहेत.

गुलमर्गचा उतार या निवडीला फार कडक परीक्षक आहे. गाव साधारण २,६५० मीटरवर, कोंगडोरी ३,१०० च्या आसपास, आणि वरचं स्थानक ३,९०० मीटरच्याही वर. पहिला टप्पा १९९८ मध्ये सुरू झाला, दुसरा २००५ मध्ये. कोंगडोरीच्या खाली दाबलेले उतार आहेत. वरचा जवळजवळ सगळा भाग जसा पडला तसा. हिमवृष्टी पश्चिमी झंझावातांच्या लाटांबरोबर येते: एक-दोन दिवस जोरदार, मग स्वच्छ ऊन. म्हणजे आठवड्याच्या मुक्कामात खरी खोल पावडर वाट्याला येते ती थोडाच वेळ, बाकीचे दिवस जुना, कापलेला, वाऱ्याने दाबलेला बर्फ. कधी लाटच येत नाही. २०२४ च्या जानेवारीत गुलमर्ग जवळजवळ कोरडं होतं. फक्त पावडर डोळ्यांसमोर ठेवून ११६ मिलिमीटरची स्की विकत घेणाऱ्याला अशा मोसमात ती जड ओझ्यासारखी वागवावी लागते.

आधी कंबरेचा आकडा. स्कीच्या मधल्या, सर्वात अरुंद भागाची रुंदी म्हणजे कंबर. टोक, कंबर आणि शेपूट यांची मापं मिलिमीटरमध्ये स्कीवरच छापलेली असतात, शेजारी लांबी आणि वळणाची त्रिज्या. रुंदी वाढली की तरंगणं वाढतं हे खरं, पण किती? १७७ सेंटिमीटर लांब, ९६ कंबरेच्या स्कीचं तळाचं क्षेत्रफळ ढोबळमानाने १,८८० चौरस सेंटिमीटर येतं. तेवढ्याच लांबीची १०४ ची स्की घेतली तर साधारण सहा-सात टक्के वाढ. एवढी वाढ कळते, पण तिने चमत्कार होत नाही. टोक किती लांबून वर उचललंय, शेपूट किती मऊ आहे, स्कीची लांबी किती, या तीन गोष्टी खोल बर्फात कंबरेच्या आठ मिलिमीटरपेक्षा जास्त काम करतात.

कडक उतारावर मात्र प्रत्येक मिलिमीटर पायाला जाणवतो, आणि त्याचं कारण साधं यांत्रिक आहे. आल्पाइन बुटाच्या तळव्याची पुढची रुंदी साधारण ६९ मिलिमीटर, म्हणजे मध्यापासून दोन्हीकडे साडेचौतीस. १०४ कंबरेच्या स्कीची कड मध्यापासून ५२ मिलिमीटरवर, बुटाच्या साडेसतरा मिलिमीटर बाहेर. कडेवर उभं राहताना बर्फाचा दाब त्या बाहेरच्या टोकावर येतो आणि स्कीला परत सपाट पाडू पाहतो. तो जोर घोट्याने आणि गुडघ्याने अडवायचा असतो. ८२ च्या स्कीवर ही बाहेर निघालेली बाजू जेमतेम साडेसहा मिलिमीटर असते. म्हणून ११० च्या पुढच्या स्कीवर गोठलेला उतार उतरताना मांड्या लवकर भरतात आणि एका कडेवरून दुसऱ्या कडेवर जायला उशीर होतो. गुडघ्याचं जुनं दुखणं असलेल्यांनी १०० च्या पुढे जाऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

या हिशेबातून एकुलत्या एका जोडीसाठी पट्टा उरतो तो १०० ते १०६ चा. औलीला किंवा सोलांगला जास्त जाणार असाल तर तोही नको, ८४ ते ९० पुरते. तिथे खोल पावडरचे दिवस मोजके.

कंबरेनंतर पाहायचा तो स्कीचा बाजूने दिसणारा आकार. दोन स्की तळाला तळ लावून धरा. मध्ये फट दिसते तो कॅम्बर. तोच कडक बर्फावर कडेला दाब देतो. टोकाला आणि शेपटीला तळ एकमेकांपासून लांब जातात तो रॉकर. सर्वगुणी स्कीत टोकाचा रॉकर लांब आणि सौम्य असावा, शेपटीचा थोडा, आणि पायाखाली कॅम्बर नक्की हवाच. पूर्ण रॉकर असलेली, केळ्यासारखी वाकलेली स्की दाबलेल्या उतारावर फिरकी घेते. २००२ मध्ये वोलांट कंपनीच्या स्पॅट्युला या स्कीने हा उलटा आकार बाजारात आणला, तो केवळ खोल बर्फासाठी होता. आजच्या बहुतेक रुंद स्की त्या कल्पनेचा थोडासा अंशच वापरतात, आणि तेच योग्य आहे.

तिसरी गोष्ट वजन आणि धातू. ढेकळांच्या बर्फात हलकी स्की प्रत्येक ढेकळावर उसळते, टोक इकडेतिकडे फेकलं जातं. जड स्की ती ढेकळं कापत जाते. पण जड स्की झाडांमधून वळवताना दमवते, आणि चढून जायचं असेल तर आणखी. दर स्की १,८०० ते २,००० ग्रॅम हा माझ्या मते गुलमर्गचा सुवर्णमध्य. टायटॅनल नावाचा अ‍ॅल्युमिनियमचा मिश्रधातू थरथर शोषतो. पूर्ण लांबीचे दोन पत्रे असतील तर स्की शांत आणि हट्टी, फक्त कडांवर पट्ट्या असतील तर शांत आणि थोडी मोकळी.

आता पाच जोड्या.

ब्लिझार्ड रस्टलर १० ही या पाचांत माझी पहिली पसंती, आणि वाचकांपैकी बहुतेकांची असावी असं वाटतं. कंबर १०२ च्या आसपास, लांबीनुसार थोडी बदलते. २०२३-२४ च्या मोसमात तिची रचना बदलली: कडांच्या वरून टोकाकडे आणि शेपटीकडे जाणाऱ्या धातूच्या पट्ट्या, आणि पायाखाली वेगळा पत्रा. परिणाम असा, की कड धरायची तिथे स्की पकड देते, पण मधला भाग पिळू शकतो, त्यामुळे टोक बर्फात हट्टाने रुतून बसत नाही. तुडवलेल्या बर्फात ती यानंतर येणाऱ्या एन्फोर्सरइतकी जड चालत नाही. वेग फार वाढला की टोक थरथरू लागतं. मध्यम ते चांगल्या स्कीअरला हा इशारा उपयोगीच पडतो. झाडांमधल्या अरुंद जागेत शेपूट सहज सुटते. दाबलेल्या उतारावर मध्यम त्रिज्येची गोल वळणं ती आनंदाने घेते.

नॉर्डिका एन्फोर्सर १०४ वजनदार आणि पक्की. लाकडी गाभ्याच्या वर-खाली धातूचे दोन पत्रे, जोडीचं वजन बाइंडिंगशिवाय (म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या भागाशिवाय) चार किलोच्या वर. अफरवाटच्या माथ्यावर वाऱ्याने दाबलेल्या बर्फात हिच्याइतकी निश्चिंत स्की या यादीत नाही. टोकाचा रॉकर उदार आहे, म्हणून दोन पत्रे असूनही पावडरमध्ये ती बुडत नाही. पण ती वेग मागते. हळू, सावध, मागे झुकून उतरणाऱ्याला ती दाद देत नाही आणि दुपारी तीननंतर पाय जड करते. ८० किलोच्या वरच्या, दणकट पायांच्या स्कीअरने डोळे झाकून घ्यावी. ६० किलोच्या माणसाने नाही.

सॅलोमन क्यूएसटी १०६ मध्ये पूर्ण पत्रा नाही. कार्बन आणि जवसाचे तंतू, टोकात थरथर शोषायला बुचाच्या लाकडाचा तुकडा. रस्टलरपेक्षा चार मिलिमीटर जास्त रुंदी आणि लांब रॉकर यांमुळे खोल बर्फात पाचांत सर्वात सोपी हीच. ज्याचा मुक्काम लांब आहे, लाटेची वाट पाहता येते, जो दाबलेल्या उतारावर फक्त घरी परतण्यापुरता येतो, त्याने ही घ्यावी. गोठलेल्या उतारावर ती पकड देते, पण रॉकरमुळे कडेचा जो भाग खरोखर बर्फाला लागतो तो आखूड असतो. आखूड कड वेगात अस्वस्थ करते. म्हणून हिच्यात लांबीला कात्री लावू नका.

अ‍ॅटॉमिक बेंट १०० हलकी, धातूविना, दोन्ही टोकं वर उचललेली. क्रिस बेंचेटलर या स्कीअरच्या नावावरून आलेली ही मालिका, आणि स्कीवरची चित्रंही त्याचीच. छोट्या उड्या, उलटं उतरणं, झाडांतून खेळत जाणं यासाठी तिच्यासारखी मजा नाही. पण दुपारच्या ढेकळांत तिचा हलकेपणा अंगावर येतो. ५५-६५ किलोच्या, खेळकर स्कीअरला ती शोभते. पहिली आणि एकमेव रुंद स्की म्हणून वजनदार माणसाने घेतली तर तो लवकरच दुसरी शोधू लागेल.

फोल्कल मँट्रा १०२ चं बांधकाम मला फार आवडतं: कडेभोवती धातूची चौकट, आणि एकाच स्कीत तीन त्रिज्या, म्हणजे टोकाला आणि शेपटीला लांब, पायाखाली लहान. सरळ उभे राहिलात तर लांब वळणं, जास्त झुकलात तर आखूड. दाबलेल्या कडक उतारावर पाचांत सर्वात श्रेष्ठ हीच. तरीही गुलमर्गसाठी ती शेवटची निवड, कारण टोकाचा रॉकर आखूड आहे आणि खोल बर्फात ती पुढून दाब सहन करत नाही. झुरिकला किंवा म्युनिकला राहणाऱ्या, शनिवार-रविवार आल्प्सच्या दाबलेल्या उतारांवर घालवून अधूनमधून पावडर गाठणाऱ्या मराठी मंडळींना मात्र मी हीच सुचवेन.

लांबीचा निर्णय उंचीपेक्षा वजनावर आणि वेगावर अवलंबून असतो. आत्मविश्वासाने समांतर वळणं घेणाऱ्याने आपल्या उंचीइतकी ते पाच-सात सेंटिमीटर जास्त घ्यावी. शिकाऊ-मध्यम असेल तर कपाळापर्यंत. ७० किलो, १७२ सेंटिमीटर माणसाला रस्टलरमध्ये १७४ किंवा १८०, क्यूएसटीत १८१, एन्फोर्सरमध्ये १७९. दोन मापांच्या मधोमध अडकलात तर रॉकर जास्त असलेल्या स्कीत वरचं माप, दोन पत्र्यांच्या स्कीत खालचं. भाड्याच्या दुकानात भारतीय पर्यटकाला सवयीने आखूड जोडी हातात देतात. १६० च्या रुंद स्कीवर खोल बर्फात टोक बुडतं, माणूस मागे झुकतो, मांड्या जळतात, आणि दोष मात्र तंत्राला दिला जातो.

बाइंडिंगबद्दल सविस्तर सांगणं भाग आहे, कारण सर्वात महाग चुका इथेच होतात. ब्रेकची, म्हणजे सुटलेली स्की अडवणाऱ्या बाजूच्या काट्यांची, रुंदी कंबरेइतकी किंवा जास्तीत जास्त पंधरा मिलिमीटर मोठी हवी. १०० ते १०६ साठी ११० चा ब्रेक बसतो. लुक पिव्हट या बाइंडिंगमध्ये ११५. ९० चा ब्रेक वाकवून बसवून देतो म्हणणाऱ्याला नाही म्हणा: तो कडेला घासतो आणि स्की सुटल्यावर नीट उघडत नाही. बूट किती जोराने सुटावा हे ठरवणारा आकडा मार्कर ग्रिफन १३ या बाइंडिंगवर ४ ते १३ असतो, आणि सामान्य प्रौढाला तो पुरून उरतो. हा सुटण्याचा आकडा वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि स्की करण्याची पद्धत यांवरून तक्त्यातून काढतात. तो मित्राच्या स्कीवरून उतरवून घेऊ नये. आकड्याइतकाच महत्त्वाचा बाइंडिंगच्या टाचेकडच्या भागाचा बुटावर पुढे येणारा दाब. बूट आत असताना टाचेच्या भागावरची खूण ठरलेल्या जागी आली पाहिजे, नाहीतर आकडा बरोबर असूनही स्की अवेळी सुटते किंवा सुटतच नाही. रबरी, वळणदार तळव्याचे ग्रिपवॉक बूट असतील तर बाइंडिंगवर तसा उल्लेख असायलाच हवा. जुन्या आल्पाइन बाइंडिंगमध्ये ते घट्ट बसल्यासारखे वाटतात आणि पिळवटून पडल्यावर पाय सोडत नाहीत.

बाइंडिंगसाठी भोकं पाडताना स्कीवर छापलेलं ड्रिलचं माप वाचा. धातूच्या स्कीला ४.१ बाय ९, बिनधातूच्या बहुतेक स्कीला ३.५ किंवा ३.६ बाय ९. पहिला आकडा व्यास, दुसरा खोली, दोन्ही मिलिमीटरमध्ये. धातूच्या स्कीत छोट्या ड्रिलने भोक पाडून स्क्रू पिळला तर वरचा थर फुगतो आणि पत्रा गाभ्यापासून सुटू लागतो. खोली नऊपेक्षा जास्त गेली तर तळावर टेंगूळ येतं. भोकात थोडा गोंद, मग स्क्रू. गोंद पकडीपेक्षा पाणी आत जाऊ नये म्हणून जास्त लागतो. नंतर बाइंडिंग हलवायचं झाल्यास नवं भोक जुन्यापासून किमान एक सेंटिमीटर दूर. कंपनीने सांगितलेल्या खुणेवरच बसवा. पावडरसाठी एखादा सेंटिमीटर मागे चालतो, त्याहून जास्त नाही.

आणि बूट. ८० फ्लेक्सच्या (फ्लेक्स म्हणजे बुटाचा ताठपणा) ढिल्या भाड्याच्या बुटात १०४ ची स्की कडेवर उभी राहत नाही. पैसे एकाच गोष्टीला पुरत असतील तर ते पायाला बरोबर बसणाऱ्या, १०० ते १२० फ्लेक्सच्या बुटात घाला आणि स्की भाड्याने घ्या.

नवी स्की आली की थेट उतारावर नेऊ नका. तळावर सरळ धातूची पट्टी आडवी ठेवून उजेडात धरा. मध्ये उजेड दिसला तर तळ खोलगट आहे, कडा वर आहेत. अशी स्की वळताना अडकते आणि खरेदीदाराला वाटतं स्कीच वाईट. तळाच्या बाजूने १ अंश आणि कडेच्या बाजूने २ अंश हा कोन या पाचही जोड्यांना योग्य. रॉकरच्या भागात कड रबरी दगडाने हलकेच बोथट करा, फाइलने गोल करू नका. जानेवारी-फेब्रुवारीत थंडीचा, कडक मेण. मार्चमध्ये ऊन-ओल्या बर्फासाठी मऊ. इस्त्रीचं तापमान मेणाच्या पाकिटावर दिलेलंच ठेवा. धूर निघाला तर मेण जळतंय, तळही तापतोय. अर्धा तास थंड होऊ द्या, मग प्लास्टिकच्या पट्टीने खरवडून ब्रश फिरवा.

गुलमर्गला मोसमाच्या सुरुवातीला बर्फाच्या पातळ थराखाली दगड आणि बुंधे असतात. तळ चिरून लाकूड किंवा पत्रा दिसू लागला तर वितळवून भरायची साधी प्लास्टिकची कांडी टिकत नाही, कारण ती लाकडाला वा धातूला चिकटत नाही. आधी इपॉक्सी किंवा धातूला धरणारा थर, त्यावर ती. तोवर त्या जागी पाणी जाऊ देऊ नका. भिजलेला गाभा फुगला की स्की संपली.

खोल बर्फात सुटलेली स्की दिसेनाशी होते. रंगीत फीत ब्रेकला बांधून पँटच्या आत सरकवून ठेवा. पायाला बांधू नका, हिमस्खलनात अडकलेली स्की माणसाला खाली ओढते. शोधताना आपण थांबलो तिथून वर शोधा, स्की बहुधा वरच राहिलेली असते. आणि दुसऱ्या टप्प्यावर आखलेल्या हद्दीच्या बाहेर जाणार असाल तर ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा ठाव देणारं संदेशयंत्र), प्रोब (बर्फात खुपसायची लांब काठी) आणि धातूचं फावडं प्रत्येकाच्या पाठीवर, सोबत स्थानिक गाइड. फेब्रुवारी २०२३ आणि फेब्रुवारी २०२४, दोन्ही वेळा इथे हिमस्खलनात परदेशी स्कीअर दगावले. स्की रुंद आहे म्हणून उतार सुरक्षित होत नाही.

किमतीचं म्हणाल तर या वर्गातल्या नव्या स्की परदेशात बाइंडिंगशिवाय साधारण सातशे ते नऊशे डॉलरच्या घरात असतात. नमुन्यांची रचना दर तीन-चार वर्षांनी बदलते आणि मधल्या वर्षांत बहुधा फक्त रंग. त्यामुळे गेल्या मोसमाचा माल मार्च-एप्रिलमध्ये घेणं सर्वात शहाणपणाचं. वापरलेली जोडी घेताना तळाला तळ लावून कॅम्बरची फट अजून आहे ना ते पाहा. कड तळापासून कुठे सुटलेली किंवा बाहेरून चेपलेली नाही ना, हे नखाने चाचपा. बाजूच्या भिंतीला भेग, टोकाशी थर उकललेला, वरच्या थरावर बाइंडिंगभोवती फुगवटा, यांपैकी काहीही दिसलं तर परत ठेवा. पूर्वी दोनदा भोकं पाडलेली स्की स्वस्त असली तरी तुमच्या बुटाच्या मापाला जागा उरलीय का ते आधी मोजा. आणि भाड्याने घेत असाल तर पैसे देण्याआधी शेपटीजवळ छापलेले तीन आकडे, लांबी आणि ब्रेकची रुंदी वाचा, बाइंडिंगचा आकडा स्वतः बघा, आणि पहिली फेरी पहिल्या टप्प्यावरच मारा. काही चुकलं असेल तर जोडी बदलून घ्यायला दुकान तिथून जवळ पडतं.